कमी होत गेलेला तोटा

माझ्या कामात भिण्यासारखं काही नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. मी कॉस्ट अकाउंटंट आहे. संभाजीनगरात जालना रोडच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर, माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कुणी एखादी छोटी कंपनी विकत घ्यायला निघालं, की तिचे मागच्या काही वर्षांचे हिशेब माझ्याकडे येतात. कंपनीने किती कमावलं ते कागदावर लिहिलेलंच असतं. खरोखर किती कमावलं, आणि कशाच्या जिवावर, ते मी शोधून सांगते. या कामात कंटाळा येतो, पाठ धरते, कधी एखाद्या मालकाशी वाजतं. भीती कधी वाटली नव्हती. ती वाटली दाजींच्या कामात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिल्लोडच्या पुढे त्यांचं गाव. घरची मोठी शेती, त्यातला रस्त्याकडेचा तुकडा महामार्गात गेला आणि मोबदला आला. गावातल्या बाकीच्यांनी शहरात प्लॉट घेतले, गाड्या घेतल्या. दाजींना ते नको होतं. त्यांना एकच मुलगी, माझी भाची. तिने सिव्हिल इंजिनियरिंग केलं, पुण्यात एका ठेकेदाराकडे दोनेक वर्षं काढली आणि तिथलं काम संपल्यावर घरी आली. तिने आता कुणाच्या हाताखाली राहायचं नाही, तिचं स्वतःचं काही असावं, हे दाजींच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यात कुणीतरी त्यांना त्या खाणीबद्दल सांगितलं. सिल्लोड रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला एका छोट्या कंपनीची दगडखाण होती. आमच्याकडे तिला खदानच म्हणतात. मालक साठी ओलांडलेले, मुलं परदेशात, त्यांना त्यातून बाहेर पडायचं होतं. कंपनी पहिल्यापासून तोट्यात होती, पण तोटा दरवर्षी कमी कमी होत आला होता. मालक स्वतःहून म्हणाले होते की, घ्यायच्या आधी मुलीला काही महिने खदानीवर येऊ द्या, काम शिकेल, मग ठरवा. भाची दसऱ्यापासून जायलाही लागली होती.

दाजी फाइल घेऊन माझ्या ऑफिसात आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि मला काय सांगायचं आहे तेही त्यांनीच सांगून टाकलं. पुढच्या साली कंपनी नफ्यात येते, हे कुणालाही दिसतंय, मी फक्त आकडे बघून ‘बरोबर हाय’ म्हणायचं होतं. मी बघते म्हणाले. जाताना दारात थांबून ते म्हणाले, “तुझ्या ताईला सांगितलंय मी. मेहुणीनं बघितलंय म्हणल्यावर ती बी निवांत राहील.”

मी कामाला लागले. तोट्यातल्या कंपनीचा मागचा काळ तपासताना मी आधी एकच प्रश्न विचारते: तोटा कमी झाला, तो नेमका कशाने? माल जास्त विकला? भाव जास्त मिळाला? की खर्च घटला? माल जवळपास तेवढाच विकला गेला होता. खडीचा भाव थोडा वाढला होता, पण डिझेल त्याहून जास्त वाढलं होतं, म्हणजे तिथे उलट मारच होता. एका वर्षी जुनं क्रशर विकल्याचे पैसे उत्पन्नात धरले होते. ते एकदाच येणारे पैसे, मी ते बाजूला काढले. तरी तोटा कमीच होत होता. मजुरी वाढली होती. व्याज होतं तेवढंच होतं. असं एकेक बाजूला सारत गेल्यावर शेवटी एकच खर्च उरला, आणि तो मात्र आटत आटत शेवटच्या दोन वर्षांत शून्यावर आला होता. माती आणि मुरूम काढण्याचा खर्च.

याचा अर्थ मला नीट कळला नाही, म्हणून मी भाचीला फोन करून विचारलं. तिने समजावलं. आपल्याकडे डोंगरात वर माती, खाली मुरूम, आणि त्याच्या खाली काळा दगड. या खदानीत दगड चांगला, पण वरचा मुरूम फार जाड. दगडापर्यंत पोचायचं तर आधी तो सगळा काढून टाकावा लागतो, आणि तो विकून काही हाती येत नाही. म्हणून तर आसपासचे खडीवाले रस्त्यांच्या कामांवर वर आले आणि ही कंपनी खालीच राहिली. शिवाय जेवढं खोल जायचं तेवढं वरून रुंद होत जावं लागतं. कडा मागे मागे सारत पायऱ्या पाडाव्या लागतात.

“मग गेली दोन वर्षं वरचं काही काढलंच नसेल, तर खालून दगड निघतोय कसा?” मी विचारलं.

  ती म्हणाली, “मावशी, तू येऊन बघ ना एकदा.”

त्या बोलण्यातच काहीतरी होतं. मी फोन ठेवला आणि मला आमच्या माहेरच्या गावातली एक दुपार आठवली. मी लहान होते. गावात एका विहिरीचं काम चाललं होतं आणि एका बाजूची दरड आत आली. खाली दोघंजण होते. सगळं गाव काठाशी धावलं. मला नेहमी आठवतं ते हे, की तिथे कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. बाया-पुरुष सगळे नुसते ऐकत उभे होते. आईने माझं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं, तरी मी ऐकत होते. खालून काही आलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी भाची गाडी घेऊन मला न्यायला आली आणि मी तिच्याबरोबर गेले. हर्सूल सोडलं, फुलंब्री मागे पडलं, पुढे रस्त्याच्या कडेला लोकांनी मका वाळत घातला होता. भाची गाडी चालवत होती आणि खूप बोलत होती. खदानीबद्दल सोडून सगळ्याबद्दल.

खदान मी कधी आतून पाहिली नव्हती. वर ऑफिसची पत्र्याची खोली, बाजूला क्रशर, सगळ्यावर पांढरी धूळ. तिथून एक उताराचा रस्ता वळत वळत खाली जात होता. भाचीने मला हेल्मेट दिलं, आपलं घातलं. तीन बाजूंना तिने सांगितल्या तशा रुंद पायऱ्या होत्या, जुन्या, त्यांवर गवत वाढलेलं. चौथी बाजू शेताखालची. तिथे पायरीच नव्हती. तळापासून वरपर्यंत एक सरळ भिंत उभी होती. शहरातली चार मजली इमारत समोर उभी करावी तेवढी.

मी मान वर करून बघत राहिले. भिंतीच्या मधोमध गेरूसारख्या तांबड्या मातीचा एक पट्टा आडवा गेला होता. पाऊस थांबून कितीतरी दिवस झाले होते, तरी तो पट्टा ओला होता आणि त्यातून पाण्याचे ओघळ खाली आले होते. त्या ओल्या मातीवर काळ्या दगडाचे मोठमोठे ठोकळे, कपाटं शेजारी शेजारी लावावीत तसे उभे. त्यांच्यावर मुरूम. आणि अगदी वर, आभाळाला लागून, कुणाची तरी तूर पिवळ्या फुलांवर आली होती.

भिंतीच्या पायथ्याशी पोकलेन दगड उचलून टिपरमध्ये टाकत होतं. ते चालवणारे सिल्लोडचे एक वयस्क गृहस्थ होते. भाची त्यांना चाचा म्हणायची. त्यांच्या केबिनचं दार सताड उघडं होतं, आणि हात दांड्यांवर असताना एक पाय बाहेरच्या पायरीवर. सकाळचा गारठा अजून उतरला नव्हता, धूळ तर उडतच होती. मी भाचीला विचारलं, हे दार का लावत नाहीत? तिने चाचांना हाक मारून तेच विचारलं. “गरमी होती ना, बेटा,” ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पुढच्या दगडाकडे वळले.

मशीन मधेच थांबलं, टिपर बदलायला. तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. सुपात ज्वारी पाखडताना येतो तसा, बारीक, सरसर. भिंतीवरून खडे ओघळत होते. इथे थोडे, मग तिथे थोडे. थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे.  मागे वळून वर जावं असं वाटत होतं, पण पाठ त्या भिंतीकडे करायची हिंमत होईना.

तेवढ्यात भाचीने माझा दंड धरून मला मागे ओढलं. घागरीएवढा एक दगड वरून आला आणि आम्ही उभ्या होतो तिथून थोड्याच अंतरावर जमिनीत बसला. फार मोठा आवाजही झाला नाही. धप्प, एवढंच.  मी इकडेतिकडे पाहिलं. रिकामा टिपर मागे मागे येत होता. चाचांनी एकदा वर बघितलं आणि काम सुरू केलं. कुणी थांबलं नाही, कुणी काही बोललं नाही. त्या दगडापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

 परतताना फुलंब्रीच्या अलीकडे भाचीने एका झाडाखाली गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून म्हणाली, “मावशी, मला रोज भीती वाटते.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

“कुणाला बोलू? पप्पांनी गावभर सांगितलंय, माझी पोरगी खदान चालवणार. मालकांना म्हणाले तर ते हसले. इंजिनियर झालीस आणि दगडाला भितेस म्हणाले.” मग ती म्हणाली, “खाली उतरले की मी आधी बघून ठेवते, पळायचं झालं तर कुठल्या बाजूला. चाचा दार उघडं ठेवतात ते गरमीसाठी नाही. उडी मारता यावी म्हणून.”

मी तिला उद्यापासून जाऊ नकोस म्हणाले. ती म्हणाली, मी नाही गेले तरी ते उतरतातच ना. निदान मी वर बघत तरी उभी राहते, काही सुटलं तर ओरडते.

ऑफिसात येऊन मी हिशेब पुन्हा मांडला. पहिल्या वर्षी जेवढ्या दगडामागे जेवढा मुरूम काढला होता, तेवढाच दरवर्षी काढायला हवा होता असं धरलं आणि तो न केलेला खर्च त्या त्या वर्षात घातला. तोटा जिथल्या तिथे आला. शेवटच्या वर्षी तर पहिल्यापेक्षा जास्त निघाला. म्हणजे इतक्या वर्षांत कंपनी नफ्याकडे एक पाऊलसुद्धा गेली नव्हती. जे काम करायचं राहिलं, तेच कागदावर सुधारणा म्हणून दिसत होतं. एरवी असं काही सापडलं की मला जरा बरं वाटतं, आपण पकडलं म्हणून. या वेळी मी तो कागद उलटा करून ठेवला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली दवाखान्यात येणारी-जाणारी माणसं बघत राहिले, नुसती.

रविवारी मी ताईच्या घरी गेले. जेवणं झाल्यावर दाजींना सगळं सांगितलं. आकडे सांगितले, ते का फसवे आहेत ते सांगितलं, भिंतीबद्दल सांगितलं. भाची बोलली त्यातलं मात्र काही सांगितलं नाही. तिने तसं वचन घेतलं होतं. दाजी ऐकत होते, पण त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

“तू शहरात राहून लई भित्री झालीस,” ते म्हणाले. “शेतकऱ्याची लेक तू. मातीला भ्यायचं असतं का? मी जाऊन आलोय की तिथं. काय बी नाय तसं.”

मी विचारलं, तुम्ही खाली उतरला होतात का? ते वर ऑफिसात बसून चहा पिऊन आले होते. मालकांनी वरूनच सगळं दाखवलं होतं.

ताई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. तिने मला एकच विचारलं, “पोरगी रोज खाली उतरती का?”

मी हो म्हणाले. ताई उठून आत गेली. दाजींनी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, “उद्या जाऊ. तू बी चल. म्या दाखवतो तुला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा भाची आधीच पोचलेली होती. ऑफिसच्या खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर भाचीचा फोन चार्जिंगला लावलेला होता. दाजी म्हणाले, आधी वरून बघू. खाली न उतरता ते खदानीला वळसा घालून तुरीच्या शेताकडे निघाले. ती त्यांची सवयच. कुठेही गेले की आधी माणूस नाही, जमीन बघतात. मी त्यांच्या मागे बांधावरून चालत होते. ते तुरीकडे बघत, शेंगा कशा भरतील ते बोलत पुढे चालले होते, आणि एकदम थांबले.

जमिनीत एक भेग होती. कडेपासून बरीच आत, कडेला धरूनच, तुरीच्या सऱ्यांना आडवी छेदत ती पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. तिच्या अलीकडची तूर आणि पलीकडची तूर एका उंचीवर नव्हती. पलीकडची जरा खाली गेली होती.

दाजी उकिडवे बसले. त्यांनी भेगेत हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. मग त्यांनी वाकून आणखी आत घातला, खांद्यापर्यंत. हात बाहेर काढून ते मातीकडे बघत बसले. मी काही विचारायच्या आधीच ते बोलले, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं.

“भेगा उन्हाळ्यात पडत्यात. काळ्या रानात पडत्यात. मुरमाला मार्गशीर्षात भेग नाय पडत.”

मग त्यांनी वर बघितलं. भेगेच्या पलीकडे शेताची पट्टी, तिच्या पुढे कड, आणि कडेच्या पुढे खोल खाली खदानीचा तळ दिसत होता. तिथे पोकलेन चाललं होतं. त्याच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून, पिवळं हेल्मेट घातलेलं एक माणूस उभं होतं. एवढ्या उंचीवरून ते अगदी लहान दिसत होतं. ते मान वर करून भिंतीकडे बघत होतं.

दाजींनी खिशातून फोन काढला आणि लावला. मला तो टेबलावरचा फोन आठवला. मी सांगितलं, तिचा फोन खोलीत राहिलाय. त्यांनी कडेकडे जायला पाऊल उचललं, भेग ओलांडण्याआधी थबकले आणि मागे आले. त्यांनी हाक मारायला श्वास भरला, पण हाक मारली नाही. नंतर त्यांनी मला सांगितलं की, आपल्या आवाजानेच ते खाली येईल असं त्यांना वाटलं होतं. तसं होत नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. तरी मीही तेव्हा कुजबुजतच बोलत होते.

मग ते पळाले. साठीचा, जाडजूड माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी धरून धरून चढणारा, तुरीतून वाट काढत पळत सुटला. मी मागून. एका ठिकाणी त्यांची चप्पल निघाली, ती त्यांनी तशीच टाकली. उताराच्या रस्त्याने खाली जाताना टिपरवाल्याने हॉर्न दिला, त्यांनी बघितलंही नाही. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की दुसरं काही ऐकू येत नव्हतं, आणि मला तर त्या वेळी ऐकायचं होतं. ती सरसर चालू आहे की थांबली आहे, तेवढंच.

भाचीने आम्हाला येताना पाहिलं आणि ती आमच्याकडे चालत येऊ लागली. तिला वाटलं घरी कुणाला काही झालं. दाजींनी तिचं मनगट धरलं.  ते वळले आणि तिला घेऊन उतार चढायला लागले. ती लहान मुलीसारखी त्यांच्यामागे ओढली जात होती. मी बाजूने चालत होते आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, भाता चालावा तसा. वरच्या वळणावर, भिंतीपासून लांब, त्यांनी तिला माझ्या हातात दिलं. मला वाटलं आता बसतील. ते परत खाली गेले.

भाची “पप्पा” म्हणून पुढे झाली, मी तिला घट्ट धरून ठेवलं. आम्ही वरून बघत होतो. एक पाय अनवाणी, दाजी लंगडत पोकलेनपाशी गेले आणि त्यांनी हात वर करून चाचांना काहीतरी सांगितलं. चाचांनी मान हलवली. दाजींनी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी सरळ केबिनच्या पायरीवर पाय ठेवला आणि चाचांचा हात धरला.  मशीनचा आवाज बंद झाला. ते दोघं उतार चढून येत होते तेव्हा तळावर कुणीही नव्हतं आणि मला पहिल्यांदा पूर्ण श्वास घेता आला.

त्या दिवशी काहीच पडलं नाही. आम्ही वर धुळीत बसून राहिलो.  चाचा दाजींच्या शेजारी बसून बिडी ओढत होते. चाचांनी मला विचारलं की आज काम बंद केलं तर हाजिरी धरतील का. दाजी म्हणाले, मी देतो.

मालक दुपारी आले. मी त्यांना काही वाईटसाईट बोलायचं ठरवलं होतं. पण ते आले ते इतके थकलेले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली, की मी एवढंच विचारलं की, मुरूम काढणं तुम्ही का थांबवलं? त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, “मॅडम, तो काढत राहिलो असतो तर ही कंपनी केव्हाच बंद पडली असती.”

“शेवटी खाली कधी उतरला होता तुम्ही?” दाजींनी विचारलं.

 मालक म्हणाले, “नाही उतरत मी आता. भीती वाटते.”

दाजी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते आता हात उचलतात की काय. पण ते उठले, चाचांना नमस्कार केला, भाचीला म्हणाले चल, आणि गाडीत जाऊन बसले. व्यवहार तिथेच संपला.

भीती मात्र तिथे संपली नाही. दोन दिवसांनी भाची म्हणाली की ते लोक अजून उतरत असतील. तिने आणि मी मिळून खाणींच्या सुरक्षेच्या सरकारी खात्याकडे तक्रार केली. दाजींनी आपणहून त्यावर पहिली सही केली. तिकडून कुणी येईपर्यंतचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. फोन वाजला की मी आधी नंबर बघायची नाही, डोळे मिटून घ्यायची. शेवटी अधिकारी आले, त्यांनी भेग पाहिली आणि त्या बाजूला कुणी उतरायचं नाही, असं लेखी बजावलं. बाकीच्या तीन बाजूंना दगड हलका होता. खर्च निघेना. त्या वर्षी कंपनीचा तोटा पहिल्या वर्षासारखाच भरभक्कम झाला, आणि पुढच्या वर्षी क्रशर बंद पडलं.

माझ्या माहितीप्रमाणे ती भिंत अजून उभी आहे. सिल्लोडला जाताना दाजी कधीकधी वाट वाकडी करून तिकडे बघून येतात. मला सांगतात, उभी हाय गं. त्यात टोमणा नसतो. मी चुकले, असं त्यांना म्हणायचं नसतं. मीही कधी विचार करते, कदाचित ती आणखी वीस वर्षं उभी राहील. असेल. त्या सकाळी ती उभी राहील की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि आजही माहीत नाही.

भाची आता एका पुलाच्या कामावर आहे. आकडे तपासायचं माझं काम चालूच आहे. फक्त तोट्यातल्या कंपनीचा तोटा कमी होताना दिसला की आता मी खुर्चीतून उठते आणि ते ठिकाण बघून येते. आतापर्यंत बहुतेक वेळा काही निघालेलं नाही. कुठे वीज वाचवलेली असते, कुठे एखादा चांगला मुकादम मिळालेला असतो. तरी जाताना वाटेत भीती वाटतेच.

खदान बंद झाल्यावर चाचांना घरी बसून भागणार नव्हतं. ते दुसऱ्या तालुक्यातल्या एका खदानीवर लागले. मागच्या महिन्यात भाची माझ्याकडे आली होती, तेव्हा तिने माझ्यासमोरच त्यांना फोन लावला आणि तब्येतीची, घरच्यांची चौकशी केली. मग विचारलं, तिकडे भिंत कशी आहे? फोन स्पीकरवर होता. मागे मशीनचा आवाज येत होता, मधेच तो थांबला.  आम्ही दोघी टेबलाकडे वाकून ऐकत होतो.

“इधर भी वैसाच है, बेटा,” ते म्हणाले. “ठेवतो मी. गाडी लगी.”